नापास गाडीचे आकडे नीट वाचले जावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुने वाहन प्रदूषण चाचणीत नापास झाले की मालकाला दोनच वाटा दिसू लागतात. कोणाच्या तरी ओळखीने, कसल्या तरी बाटलीतल्या द्रवाने किंवा गाडी यंत्रापुढे उभी असेपर्यंतच टिकेल अशा जुळवाजुळवीने ती कशीबशी पास करून घ्यायची, नाहीतर तिचे वय झाले असे म्हणून ती मोडीत काढायची. या दोहोंखेरीज तिसरी, सरळ वाट आहे, आणि तिची सुरुवात चाचणीच्या कागदावरच असते. धुरातील वायूंचे जे आकडे त्या कागदावर छापलेले असतात, ते दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा पुरेशा स्पष्टपणे सांगतात. दुर्दैवाने तो कागद वाचलाच जात नाही. मालक शेवटचा एक शब्द पाहतो, मेकॅनिक पुष्कळदा तेवढेही पाहत नाही, आणि जिथे एका स्वस्त सुट्या भागाने काम झाले असते तिथे महागडा भाग बदलला जातो किंवा चालण्याजोगे वाहन भंगारात जाते. वाहनांच्या दुरुस्तीशी माझा पुष्कळ वर्षांचा संबंध असल्यामुळे याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

ही चाचणी कशासाठी आहे, हे आधी थोडक्यात सांगतो, कारण ती केवळ एक सरकारी अडथळा आहे अशी समजूत फार पसरलेली आहे. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारे, डोळ्यांना झोंबणारे धुरके नेमके कशाचे बनते, हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. न जळलेले इंधन, म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, आणि या दोन्ही गोष्टींचा एक मोठा उगम मोटारींच्या सायलेन्सरमध्ये आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आले. कार्बन मोनॉक्साइड हा तिसरा वायू तर थेट विषारी आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुराचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात केला. तेव्हा गाडी चाचणीत पास होणे आणि गाडी खरोखर स्वच्छ चालणे या दोन गोष्टींत अंतर पडू देणे म्हणजे आपल्याच मागून येणाऱ्या माणसाच्या श्वासाशी खेळणे आहे, असे मी मानतो.

आता आकड्यांकडे वळू. पेट्रोलच्या गाडीत एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि लागणारी हवा यांच्या गुणोत्तराला लॅम्बडा म्हणतात. ते एक असेल तर मिश्रण नेमके, एकाहून कमी असेल तर पेट्रोल जास्त, एकाहून अधिक असेल तर हवा जास्त. कार्बन मोनॉक्साइड वाढलेला दिसला तर बहुधा इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे, असे समजावे. हायड्रोकार्बन वाढलेले असतील आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र ठीक असेल, तर इंधन आत गेले पण जळले नाही, म्हणजे ठिणगीत दोष आहे, व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये दाब कमी आहे. हायड्रोकार्बन वाढलेले, ऑक्सिजनही वाढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी, असे चित्र दिसले तर मिश्रण इतके पातळ झाले आहे की ते पेटतच नाही. अशा वेळी इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे इनलेट मॅनिफोल्डच्या, गॅस्केटमधून (जोडातील गळतीरोधक पट्टीतून) किंवा तडकलेल्या व्हॅक्यूमच्या नळीतून बाहेरची हवा आत ओढली जात असल्याची शक्यता पहिली तपासावी. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन दोन्ही भरपूर वाढलेले असतील, तर मिश्रण फारच दाट आहे किंवा दाट मिश्रणाच्या जोडीला ठिणगीही चुकते आहे. आणि कार्बन डायऑक्साइड, ज्याच्याकडे या चाचणीत कोणी फारसे पाहत नाही, तो १४-१५ टक्क्यांच्या आसपास असेल तर इंजिनात ज्वलन चांगले होते आहे याची ती खूण असते. तो बराच खाली असेल आणि ऑक्सिजन वर असेल, तर ज्वलन बिघडलेले तरी आहे किंवा सायलेन्सरला छिद्र पडून बाहेरची हवा नमुन्यात मिसळते आहे.

लॅम्बडाच्या आकड्याचे महत्त्व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायूंचे रूप बदलणारा, एक्झॉस्टमधला भाग) बसवलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त आहे, आणि नेमका तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. धुरातील वायूंवरून लॅम्बडा काढण्याचे जे सूत्र यंत्रे वापरतात ते ब्रेटश्नायडर या जर्मन अभियंत्याने १९७९ मध्ये मांडले, आणि त्याचा मोठा गुण असा, की कन्व्हर्टर काम करतो आहे की नाही याचा त्या उत्तरावर फारसा परिणाम होत नाही, कारण कन्व्हर्टर वायूंचे रूप बदलतो, त्यातील कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे एकूण प्रमाण बदलत नाही. याचा व्यवहारातला उपयोग साधा आहे. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेपेक्षा जास्त आहे आणि लॅम्बडा मात्र अगदी एकाच्या जवळ आहे, असे दिसले तर इंजिन आपले काम बरोबर करते आहे आणि कन्व्हर्टर थंड आहे किंवा संपला आहे. उलट लॅम्बडा ०.९३ किंवा ०.९५ असा काही दिसला, तर दोष कन्व्हर्टरच्या अलीकडे, मिश्रणात आहे, आणि नवा कन्व्हर्टर बसवला तरी गाडी पुन्हा नापास होण्याचीच शक्यता जास्त. वर त्या दाट मिश्रणाने नवा कन्व्हर्टरही लवकर खराब होतो. कागदावरचा हा एक आकडा वाचला गेला असता तर किती जणांचा नाहक खर्च वाचला असता, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते.

कन्व्हर्टर स्वतःहून क्वचित मरतो, त्याला कोणीतरी मारते. आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे ज्वलन पूर्ण होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधील ऑक्सिजन सुटा होतो. ठिणगी चुकत असलेली गाडी तशीच चालवत राहिले की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तिथले तापमान भलतेच चढते आणि जाळी वितळून बसते. पिस्टन रिंग झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील, तर जळणाऱ्या इंजिन ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त त्या थरावर साचून त्याला निकामी करतात. पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे शिसेही हेच करत असे. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर सर्रास बसवले जाऊ लागले तेव्हा शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून द्यावे लागले ते याच कारणासाठी. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता, आणि तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली. म्हणून कन्व्हर्टर बदलण्याआधी जुना का गेला हे शोधलेच पाहिजे. ते न शोधता नवा बसवणारा मेकॅनिक ग्राहकाचे भले करत नाही.

चाचणीला गाडी थंड नेणे हा नापास होण्याचा सर्वांत टाळण्याजोगा प्रकार. कन्व्हर्टर काम सुरू करतो तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे. घरापासून चाचणी केंद्र जवळ आहे म्हणून थेट तिथे गेलेली, किंवा रांगेत बराच वेळ नुसती उभी राहिलेली गाडी सदोष नसतानाही नापास होऊ शकते. वीस-पंचवीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर ती नीट चालवून, इंजिन पुरते तापल्यावर सरळ चाचणीला न्यावी. रांगेत थांबावे लागलेच तर आपली पाळी येण्याआधी काही मिनिटे इंजिनाचा वेग मध्यम ठेवून पुन्हा उष्णता आणावी. याला कोणी युक्ती म्हणेल, पण ही युक्ती नाही. चाचणीचे नियमच तापलेले इंजिन गृहीत धरून लिहिलेले असतात, आणि तपासनिसाने तेलाचे तापमान पाहूनच सुरुवात करणे अपेक्षित असते.

इंजिन तापतच नसेल तर काय, हा प्रश्न जुन्या गाड्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकून बसला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही. मालकाला यात काहीच वावगे दिसत नाही, उलट काटा खालीच राहतो म्हणून समाधान वाटते. पण इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक ठरवेल तेवढे पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीतील संगणक इंजिन अजून थंडच आहे असे समजून जादा पेट्रोल सोडत राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर चुकीचे मोजू लागला तरी हाच परिणाम होतो. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत. तरीही ते शेवटी तपासले जातात, याचे कारण समोरच्या आकड्यांवरून मागे विचार करत जाण्याची सवय आपल्या गॅरेजांत रुजलेली नाही.

ऑक्सिजन सेन्सरचे तसेच. १९७६ मध्ये बॉश कंपनीचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम बसवला गेला आणि धुरातील ऑक्सिजन मोजून त्यावरून क्षणोक्षणी मिश्रण दुरुस्त करणे शक्य झाले. चांगला सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर खाली-वर होत राहतो. जुना झाला की तो लगेच बंद पडत नाही, मंद होतो, आणि संगणकाला उशिरा बातमी देऊ लागतो. त्यामुळे धोक्याचा दिवा न लागताही मिश्रण बिघडलेले असू शकते. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टच्या जोडाला फट असेल तर तिथून शिरणाऱ्या हवेमुळे सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो आणि संगणक उगाच पेट्रोल वाढवतो. म्हणून सेन्सर बदलण्याआधी जोड आणि गॅस्केट तपासणे हा योग्य क्रम. एक्झॉस्टमधून बारीक फुस्स आवाज येत असलेली गाडी मी तरी चाचणीला पाठवणार नाही.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा संगणकाविना यांत्रिकपणे मिसळणाऱ्या, गाड्यांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते अधिक आशादायक आहे, कारण तिथे सगळे हाताने दुरुस्त करता येते. त्यांच्यासाठीच्या मर्यादाही त्या काळाला अनुसरून ठेवलेल्या असतात. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या एमओटी चाचणीत (वाहनांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत) ऑगस्ट १९७५ ते जुलै १९८६ या काळात प्रथम वापरात आलेल्या पेट्रोलच्या मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि त्यानंतरच्या, जुलै १९९२ पर्यंतच्या मोटारींना ३.५ टक्के आहे. दोन्ही गटांना हायड्रोकार्बनची मर्यादा १२०० पीपीएम (दहा लाख भागांत १२०० भाग) आहे. आधुनिक कन्व्हर्टरच्या गाडीला वाढीव वेगावर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, हायड्रोकार्बन २०० पीपीएम आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३ या पट्ट्यात लागतो. म्हणजे जुन्या गाडीकडून नव्या गाडीसारखे होण्याची अपेक्षा नाही. ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती तशी असावी, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती मला पूर्ण न्याय्य वाटते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत बहुतेक जण थेट मिश्रणाच्या स्क्रूला हात घालतात. तो सर्वांत शेवटी फिरवायचा असतो. त्याआधी एअर फिल्टर स्वच्छ हवा, चोक पूर्ण उघडतो की अर्धवट अडकतो हे पाहायला हवे, फ्लोटची (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आणि सुईव्हॉल्व्ह तपासायला हवा, कारण फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो जड झाला असेल तर स्क्रू कितीही आवळला तरी मिश्रण दाटच राहणार. झिजून मोठे झालेले जेट, सैल झालेला थ्रॉटलचा दांडा, काळे पडलेले किंवा चुकीच्या अंतराचे प्लग, चिरलेल्या हायटेन्शन वायरी, पॉइंटचे अंतर, ठिणगीचे टायमिंग हे सगळे जागेवर असेल तेव्हाच स्क्रूच्या फिरवण्याला अर्थ येतो. मग तो यंत्र लावून, इंजिन तापलेले असताना, थोडा थोडा फिरवावा आणि इंजिन स्थिर चालत असतानाच कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या आत येतो का ते पाहावे. इंजिन अडखळेपर्यंत मिश्रण पातळ करून मिळवलेला कमी आकडा फसवा असतो. त्या अडखळण्यातूनच हायड्रोकार्बन वाढतात.

आणखी एक साधी गोष्ट: चाचणीआधी इंजिन ऑइल बदलावे. लहान लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीच्या तेलात न जळलेले पेट्रोल हळूहळू मिसळत जाते. इंजिन तापले की ते वाफ होऊन क्रँककेसच्या नळीवाटे पुन्हा इंजिनात येते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन दोन्ही वाढवते.

ज्या देशांत गाडीच्या संगणकाला यंत्र जोडून तपासणी होते तिथे निराळीच अडचण उभी राहते. धोक्याचा दिवा लागला म्हणून कोणी चाचणीच्या आदल्या दिवशी बॅटरीची वायर काढतो किंवा साठलेले दोषसंकेत पुसून टाकतो. दिवा विझतो खरा, पण त्याबरोबर संगणकाने स्वतःच्या घेतलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात, आणि गाडी पुरेशी चालवून त्या चाचण्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत ती तपासणीला तयारच नसते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाडीत अशी स्वतःला तपासणारी प्रणाली सक्तीची झाली. तिथल्या मार्गदर्शनानुसार १९९६ ते २००० च्या गाड्यांत अशा दोन आणि २००१ पासूनच्या गाड्यांत एक अपूर्ण चाचणी चालवून घेता येते, त्यापेक्षा जास्त असल्यास गाडी परत पाठवली जाते. पुसण्याआधी संकेत लिहून घ्यावेत, दोष दुरुस्त करावा, आणि मग काही दिवस गाडी शहरात व मोकळ्या रस्त्यावर अशी दोन्हीकडे चालवून मगच न्यावी.

डिझेलच्या जुन्या गाड्यांविषयी मला अधिक काळजी वाटते. त्यांची चाचणी म्हणजे गिअर न टाकता ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून इंजिन त्याच्या कमाल वेगापर्यंत नेणे आणि त्या वेळी निघणारा धूर प्रकाशाचा किती भाग अडवतो हे मोजणे, आणि असे लागोपाठ काही वेळा करून सरासरी काढणे. इंजिनासाठी हा मोठा ताण आहे. टायमिंग बेल्टची मुदत उलटून गेली असेल, तेल कमी असेल किंवा इंजिन पुरते तापलेले नसेल, तर चाचणीतच इंजिन कायमचे बिघडू शकते. म्हणून बेल्ट केव्हा बदलला होता हे मालकाने तपासनिसाला प्रामाणिकपणे सांगावे, आणि तपासनिसानेही ते विचारल्याशिवाय पाय दाबू नये.

धुराचा रंग इथे वाचता आला पाहिजे. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, मग कारण चोंदलेला एअर फिल्टर असो, टर्बोची फाटलेली नळी असो, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) असो किंवा फवाऱ्याऐवजी थेंब सोडणारे इंजेक्टर असोत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. तापलेल्या इंजिनातून सतत पांढरा धूर येत असेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा कूलंट सिलिंडरमध्ये झिरपते आहे. काळ्या धुराचे एक कारण मात्र माणसांनी मुद्दाम निर्माण केलेले असते. गाडीने जास्त ओढावे म्हणून इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे सील तोडून डिझेलचे प्रमाण वाढवलेले असते, चाचणीपुरते ते कमी केले जाते आणि पुन्हा वाढवले जाते. हे उघडपणे चालते आणि याला कोणी चूक म्हणत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. नेहमी हळू आणि जवळच्याच अंतरावर चालणाऱ्या डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी साचते आणि चाचणीच्या पहिल्याच झटक्यात ती सगळी बाहेर येते. अशी गाडी आधी अर्धा-पाऊण तास खालच्या गिअरमध्ये चांगल्या वेगाने चालवली तर ती काजळी बरीच निघून जाते, पण ज्यांच्या इंजिनात मुळातच दोष आहे त्यांना याचा उपयोग नाही.

काजळीचा फिल्टर बसवलेल्या डिझेल गाड्यांतून तो फिल्टर काढून टाकण्याचा प्रकार याहून गंभीर आहे. प्रकाश अडवला जाण्यावर आधारलेले जुने यंत्र अतिशय सूक्ष्म कण पाहूच शकत नाही, त्यामुळे फिल्टर नसलेली गाडीही पास होत असे. यावर उपाय म्हणून नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून कण प्रत्यक्ष मोजणारे यंत्र चाचणीत आणले, आणि जर्मनीनेही त्याच वर्षी तसे केले. चाचणी इतकी सोपी ठेवायची नाही की तिला चकवता यावे, हा धडा कारखानदारांच्या बाबतीत आपण २०१५ मध्ये शिकलो आहोत. त्या वर्षी फोक्सवॅगनच्या जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरती धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारी प्रणाली बसवल्याचे उघड झाले. मोठ्या कंपनीने केले ते फसवणूक ठरते, तर स्क्रू फिरवून चाचणीपुरता गाडीचा धूर कमी करणाऱ्याचे कृत्य वेगळे कसे ठरेल?

टाकीत ओतायच्या द्रवांविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. इंजेक्टरवरचा मळ काढणारी चांगली द्रव्ये आहेत. टाकीभर पेट्रोल संपेपर्यंत ती वापरली तर त्यांचा हळूहळू उपयोग होतो. पण चाचणीच्या वाटेवर ओतलेली बाटली काही करत नाही. मद्यार्क मिसळला की कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होऊन कार्बन मोनॉक्साइड तेवढ्यापुरता उतरतो, हे खरे आहे, परंतु जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्याने खराब होतात, आणि ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत संगणक ते पातळपण लगेच भरून काढत असल्यामुळे तेवढाही फायदा होत नाही.

जुनी गाडी म्हणजे प्रदूषण करणारी गाडी, हे समीकरण मला मान्य नाही. डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस रस्त्याच्या कडेला बसवून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर किरणांनी मोजता येईल असे उपकरण तयार केले. त्यांच्या मोजमापांतून पुढे आले ते असे, की रस्त्यावरील एकूण कार्बन मोनॉक्साइडपैकी जवळजवळ निम्मा भाग सुमारे एक दशांश गाड्यांतूनच बाहेर पडतो. वय वाढले की बिघाडाची शक्यता वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नीट राखलेली जुनी गाडी दुर्लक्षित नव्या गाडीपेक्षा स्वच्छ चालू शकते, आणि चाचणीने शोधायचे आहे ते हे दुर्लक्ष.

याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. दाब मोजल्यावर ज्या इंजिनाचे एकाहून अधिक सिलिंडर कमकुवत निघतात, जे सतत तेल जाळते, ज्याच्या रिंग आणि सिलिंडर झिजलेले आहेत, अशा इंजिनाला प्लग आणि फिल्टर बदलून वाचवता येत नाही. तिथे इंजिन उघडून पुरते काम करण्याची तयारी हवी, आणि तो खर्च परवडत नसेल तर ती गाडी रस्त्यावरून काढावी. जुन्या गाडीवरचे प्रेम मी समजू शकतो, पण ज्या धुराने शेजाऱ्याच्या मुलाला खोकला येतो तो धूर प्रेमापोटी सहन करायला सांगता येत नाही.

माझी मागणी मोजकी आहे. चाचणी केंद्राने नापास गाडीलाही सगळे आकडे छापलेला कागद द्यावा. चारही वायू (कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन), लॅम्बडा, इंजिनाचा वेग आणि तेलाचे तापमान त्यात असावे, आणि कोणता आकडा कोणत्या मर्यादेबाहेर गेला हे सामान्य माणसाला कळेल असे लिहिलेले असावे. आज कित्येक ठिकाणी नापास गाडीला तोंडी नकार मिळतो आणि आकडे पडद्यावरून पुसले जातात. मालकाला ठरावीक मुदतीत दुरुस्ती करून त्याच केंद्रात पुन्हा मोजून घेण्याची सवलत मिळावी, म्हणजे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून मेकॅनिकचे काम पारखता येईल. गॅरेज चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात या आकड्यांच्या वाचनाला जागा मिळावी. आणि आपल्यासारख्या दैनिकाने वाहनविषयक पुरवणीत नव्या गाड्यांच्या परीक्षणांइतकीच जागा जुन्या गाड्यांच्या देखभालीला द्यावी, अशी नम्र विनंती करतो.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक